पंगतीतून उपाशी उठलेली बाई

एक होता राजा. भद्रसेन त्याचं नाव. आता राजा म्हटलं की तुम्हाला वाटणार, दुष्ट असेल, लोकांना छळत असेल, मग शेवटी त्याची खोड मोडेल. तसं काही नाही, बरं का. हा राजा चांगला होता. फार चांगला होता. म्हणून तर ही गोष्ट सांगताना मला त्याचा रागही येतो आणि रडूही येतं. दिगू, पाय आवर. रंगूच्या अंगावरचं ओढू नकोस. ऐकायचं असेल तर गप पडून ऐका.

हा राजा लहान होता तेव्हा एकदा मोठा दुष्काळ पडला. राजवाड्याच्या दाराशी एक माणूस ओंजळ पुढे करून बसला होता. कोणी आतून काही आणेपर्यंत तो तसाच बसल्या जागी गेला. ओंजळ पुढेच राहिली. ते या पोराने पाहिलं आणि ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. मग मोठा होऊन गादीवर बसला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या राज्यात कोणी उपाशी झोपणार नाही. दारात आलेला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय मी पानावर बसणार नाही.

नुसतं सांगितलं नाही, तसा वागला. रोज दुपारी पंगती उठल्या की तो अनवाणी दारात जायचा आणि मोठ्याने विचारायचा, "कोणी उपाशी आहे का?" तीनदा विचारायचा. कोणी ओ दिली नाही की मग आत येऊन लेकीबरोबर जेवायचा. लेकीचं नाव केतकी. राणी बिचारी बाळंतपणातच गेली होती, तेव्हा घरात बापलेक दोघंच. केतकी बापाची वाट बघत पानावर बसून राहायची, पण त्याच्याआधी एक घास तोंडात घालायची नाही.

राज्य होतं डोंगरउतारावर. वर डोंगर, खाली नदी आणि मध्ये पायरी-पायरीने उतरणारी रानं. तिथे एक रीत होती. दरवर्षी प्रत्येकाने आपलं एक रान निजवायचं. म्हणजे त्यात पेरायचं नाही, नांगर घालायचा नाही. कापणीनंतर उरलेली धसकटं तशीच राहू द्यायची, वर पालापाचोळा पसरायचा. मग धनगर यायचे. त्यांची मेंढरं त्या रानात बसवायची, म्हणजे लेंड्यांनी रान खतवायचं. बायका पोरांना दटावायच्या, तिकडून पळू नका रे, रान निजलंय. पुढच्या वर्षी ते रान उठायचं आणि दुसरं निजायचं. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं. आणि का घातली, तेही हळूहळू सगळे विसरले होते.

मग काय झालं, राजाचं नाव लांब लांब गेलं. शेजारच्या राज्यांतून लोक यायला लागले. कोणी आंधळं, कोणी लेकुरवाळी, कोणी नुसतंच आळशी. राजा कोणाला तू कुठला म्हणून विचारायचा नाही. पान मांडा म्हणायचा. पंगतीमागून पंगत बसायची. असं होता होता एका वर्षी कोठाराचा तळ दिसायला लागला. तेव्हा कारभारी म्हणाला, महाराज, एवढी रानं नुसती झोपा काढताहेत, ती उठवली तर धान्य कुठे ठेवावं ते कळणार नाही. राजाला पटलं. माणूस दारात उपाशी उभा आणि जमीन खुशाल झोपलेली, हा कुठला न्याय, असं त्याला वाटलं. त्याने दवंडी पिटली, सगळी रानं उठवा.

आणि लोकांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, बरं का. अन्नदानाचं काम, त्याला नाही कोण म्हणणार? धनगरांना सांगितलं, आता इकडे येऊ नका, बसायला रान नाही. ते मेंढरं घेऊन परत फिरले. पुन्हा त्या वाटेला आले नाहीत.

त्या वर्षी काय पीक आलं म्हणता. कणग्या भरून सांडल्या. राजा खूष, कारभारी खूष. आणि त्याच वर्षी ती बाई पहिल्यांदा आली.

दुपारी राजा दारात उभा राहिला, उपाशी कोण आहे म्हणून विचारलं, तर गर्दीच्या मागून आवाज आला, मी आहे. बघतो तर काळीभोर बाई. रुंद हाडापेराची, केस गुडघ्यापर्यंत, अंगाला ओल्या मातीचा वास. डोळे मात्र जागरणाने लाल झालेले. राजाने नाव विचारलं. ती म्हणाली, मला भुई म्हणतात. तुम्ही ओळखलंत ना ती कोण? राजाने नाही ओळखलं. असेल कुठल्यातरी खेड्यातली, असं त्याला वाटलं.

त्याने तिला स्वतः पाटावर बसवलं, स्वतः वाढलं. ती पानाला हात लावेना. म्हणाली, जेवणाचं मागून बघू, आधी मला थोडं निजू दे, माझ्या अंगावरून सारखं कोणीतरी चालतंय. राजा म्हणाला, एवढंच ना. मग पाहुण्यांच्या महालात पलंग घातला, वर मऊ गादी, वारा घालायला दासी. ती बाई पलंगाकडे बघून हसली. लेकराने मातीचा लाडू करून आईच्या हातावर ठेवला की ती हसते ना, तसं हसली. आणि न झोपताच निघून गेली. राजाला चुटपुट लागली. पण तोवर पुढची पंगत बसली होती.

मग पंगती वाढल्या म्हणजे चुली वाढल्या. चुलीला जळण लागतं. तेव्हा आचारी म्हणाले, गावोगावी एवढं शेण उकिरड्यात कुजतंय, त्याच्या गोवऱ्या का थापू नयेत? झालं. घरटी गोवऱ्यांची पाटी राजवाड्यावर जायला लागली. बायका पहाटे उठून थापायच्या. अन्नदानाला लागणार म्हणून त्या गोवऱ्या वेगळ्या थापायच्या, वर बोटांनी नक्षी काढायच्या. रानातली धसकटंसुद्धा उपटून चुलीत गेली. उकिरडे रिकामे झाले. लोक म्हणाले, बरं झालं, गावातल्या माश्या गेल्या. रानात मात्र खताची एक पाटी पडेना.

पीक आलं. बरं आलं. पण दाणा हलका भरला. तेवढीच भाकरी खाऊन माणसाला लवकर भूक लागायला लागली. मग लोक जास्त जेवायला लागले.

ती बाई दुसऱ्यांदा आली. आता तिची गालफडं बसली होती. केस विरळ झाले होते. टाचांच्या भेगांत बोट जाईल एवढ्या त्या भेगा. राजाने तिला ओळखलं आणि मानाने पाटावर बसवलं. भरल्या पंगतीत ती म्हणाली, "मला शेण दे. पालापाचोळा दे. माझ्या ताटातलं सगळं तुझ्या चुलीत जातंय."

पंगत खो खो हसली. राजा हसला नाही. तो गोरामोरा झाला. "बाई, दारी आलेल्या पाहुणीला मी शेण वाढू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मी तेच खाते रे," ती म्हणाली.

राजाला वाटलं, भुकेने हिचं डोकं फिरलंय. त्याने चांदीच्या वाटीत श्रीखंड आणवलं. आपल्या हाताने घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं. मग हळूच त्याचा हात बाजूला केला आणि उठून गेली. राजाच्या पंगतीतून असं भरल्या पानावरून उपाशी कोणी उठलं नव्हतं. त्या दिवशी राजा जेवला नाही. केतकीही जेवली नाही. बापलेकींनी त्या बाईसाठी अख्खा दिवस उपास केला. पण शेणाची एक पाटी काही कोणी रानात नेली नाही. इथे मला त्याचा राग येतो बघा. चांगुलपणाने माणूस आंधळा झाला की त्याला कोणी सांगायलाही जात नाही.

मग पुढे काय झालं, गोवऱ्याही पुरेनात. तेव्हा बांधांवरची झाडं राहिली होती. करंज होते, पळस होते, जुने आंबे होते. फांद्या चुलीला गेल्या, पानं पत्रावळींना गेली. लांबून धान्य वाहून आणणाऱ्या बैलांना बांधावरचं गवत गेलं. मुळंसुद्धा खणून काढली, कारण ती जास्त वेळ जळतात. सगळी रानं कशी उघडीबोडकी दिसायला लागली. कारभारी म्हणाला, आता इथून नदीपर्यंत नजर जाते, किती छान.

पावसाच्या तोंडावर ती बाई तिसऱ्यांदा आली. तिला चालवत नव्हतं. हाडं आणि कातडं, अंगावर चिंध्या. दारात उभी राहून म्हणाली, "मला झाकायला काहीतरी दे. पाऊस येतोय."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो धावत आत गेला. राणीचा लग्नातला जरीचा शालू पेटीत होता, तो आणला आणि तिच्या खांद्यावर घातला. तिने शालू काढला, त्याची नीट घडी घातली आणि उंबऱ्यावर ठेवली. भिजेल हा, म्हणाली, आणि गेली.

मग पाऊस आला. पाऊस काही वाईट नव्हता, नेहमीसारखाच होता. पण या वेळी रानांवर पांघरूण नव्हतं आणि बांध धरायला मुळं नव्हती. पाणी उतरलं ते रान घेऊनच उतरलं. एक बांध फुटला, तो खालच्या बांधावर पडला, ते दोन्ही मिळून त्याच्या खालच्यावर. नदी काळी झाली. राजवाड्याच्या गच्चीत सगळे उभे होते. तेवढ्यात केतकीने बापाचा हात धरला आणि नदीकडे बोट दाखवलं. म्हणाली, "आबा, ती बाई चाललीय."

तेव्हा राजाला कळलं. सगळं एकदम कळलं. तो पावसात धावला, नदीच्या काठाकाठाने हाका मारत गेला. पण वाहत्या पाण्याला हाक मारून कधी कोणी थांबलंय का?

पाऊस ओसरला तेव्हा रानात दगड वर आले होते. नांगर घातला तर फाळ खडकावर खडखडायचा. पेरलं ते पाखरांनी वेचून खाल्लं. कोठारात होतं ते काही दिवस पुरलं. पंगती लहान झाल्या, मग एकच राहिली, मग नुसती पेज राहिली. राजा तरीही रोज दारात जायचा. आणि एके दिवशी त्याने विचारलं, "कोणी उपाशी आहे का?"

समोर बाहेरगावचे लोक नव्हते. ते कधीच दुसरीकडे गेले होते. समोर त्याच्याच राज्यातले शेतकरी होते, त्यांच्या बायका होत्या, गोवऱ्यांवर नक्षी काढणाऱ्या. ते म्हणाले, "आम्ही आहोत, महाराज."

राजा खाली मान घालून उभा राहिला. आणि त्याच्या पाठीमागून, घरातून, बारीक आवाज आला. "मी पण आहे, आबा."

त्यानंतर राजाने दारात जाऊन कधी काही विचारलं नाही.

लोक निघाले. कोणी गाडग्यात मीठ घेतलं, कोणी नुसतं पोर खांद्यावर घेतलं. ज्या राज्यांतले लोक इथे जेवायला यायचे त्याच राज्यांच्या वाटेला हे लागले. राजाने केतकीला कारभाऱ्याच्या बायकोच्या हाती दिलं. इथे राहिली तर जगणार नव्हती. तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. राजाला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. ज्या बापाने कोणाला दारातून विन्मुख पाठवलं नाही, त्याची लेक दुसऱ्याच्या दारात ओंजळ पुढे करायला गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. रंगू, रडू नकोस गं. नाहीतर मी थांबते. थांबू? बरं.

मग राजा एकटा राहिला. तो नदीकाठाने खाली खाली चालत गेला, जिथे नदी खाडीला मिळते तिथवर. तिथे चिखलात ती बाई पडली होती. खारं पाणी तिच्या अंगावरून येत होतं, जात होतं. राजा तिच्या पायाशी बसला. म्हणाला, "चुकलो मी. तुझा शाप मागे घे."

"मी शाप दिलाच नाही," ती म्हणाली. "शाप असता तर उःशाप दिला असता. मी नुसती संपले."

ऐकलंत? गोष्टीत शाप असला की बरं असतं. कोणीतरी रागावलेलं असतं, त्याचे पाय धरता येतात. इथे कोणी रागावलंच नव्हतं. राजाने विचारलं, मग तू परत कधी येशील? ती म्हणाली, येईन की, मला घाई नाही. डोंगर झिजेल, पानं कुजतील, बोटभर होईन. तोवर तुझं नाव घेणारं कोणी नसेल. तुझ्या डोळ्यांदेखत हवी असेन तर उचलून ने आणि खाऊ घाल. फार तर बाजेएवढी होईन. तेवढ्याने कोणाचं पोट भरणार आहे, ते तू बघ.

राजाने डोक्यावरचा मंदील सोडला आणि त्याची चुंबळ केली. चुंबळीवर त्या गाळाची पाटी ठेवली आणि डोंगराची वाट धरली. त्या मातीत मीठ होतं. ते पावसाने धुऊन निघायलाच कैक वर्षं गेली. त्याने दगड रचून ताल घातली, म्हणजे पुन्हा वाहून जायला नको. वाट चुकलेली एखादी बकरी दिसली तर तिच्या मागे मागे जाऊन लेंड्या वेचायचा. ज्याने पाहुणीला शेण वाढलं नाही, तो आता शेणाच्या एका पोवासाठी दिवसभर डोंगर पालथा घालायचा. वाऱ्याने आलेलं पान उचलून आणायचा आणि त्या मातीवर पसरायचा. स्वतः कंद खायचा, मुळं खायचा. आणि रोज दुपारी तिच्याशेजारी बसून विचारायचा, "जेवलीस का?"

ती उत्तर द्यायची नाही. वर्षानुवर्षं दिलं नाही. त्याची दाढी पांढरी झाली, पाठ वाकली. मग एकदा त्याने पालापाचोळा बाजूला केला तर खाली ओल होती आणि त्या ओलीत एक गांडूळ होतं. एवढंसं, दोऱ्याएवढं. राजा तिथेच बसून हुंदके देऊन रडला. त्याच्या राज्यात परत आलेलं ते पहिलं माणूस म्हणा ना. मग कुठूनसे मूठभर नाचणीचे दाणे मिळवून त्याने तिथे टाकले.

आणि केतकी? केतकी वाढली लोकांच्या दारांत. कुठे उष्टी काढून, कुठे पाणी भरून. बापावर तिचा फार राग होता. दुसऱ्यांच्या पंगतीला वाढलं आणि मला हाकललं, असं ती म्हणायची. पण एका वर्षी तिथेही दाणा हलका भरायला लागला. तिथल्या राजानेही रानं उठवली होती. तिने ते ओळखलं. लोकांना सांगून पाहिलं, तुमच्या रानांना निजू द्या, शेण जाळू नका. भीक मागणाऱ्या पोरीचं कोण ऐकतं? मग ती उठली आणि बापाकडे चालत निघाली.

पोचली तेव्हा राजवाड्यावर छप्पर नव्हतं. सगळीकडे दगड आणि मुरूम. मध्ये एका तालीच्या आड बाजेएवढी काळी माती होती आणि तिच्यात नाचणीची कणसं पिकून वाकली होती. शेजारी एक पाटी होती, बूड झिजून गेलेली. पाटीला टेकून बाप बसला होता. पाखरंही त्याला भ्यायची थांबली होती, इतका वेळ तो तसाच बसलेला होता. तिने त्याला हाक मारली. हलवून पाहिलं. मग तिला कळलं. त्याच्या हातात वाळलेली पानं होती, पसरायची राहिलेली.

तिने बापाला त्याच मातीच्या कडेला पुरलं. पानं पसरली. मग कणसं खुडली, दगडावर दळली आणि थापली. किती झाली म्हणाल तर एक भाकरी झाली. एका राजाचं आयुष्य गेलं आणि एक भाकरी झाली. केतकी ती भाकरी खात होती आणि रडत होती. भूक इतकी होती की रडण्यासाठीही तिला थांबता येईना. पोटभर झाली. मग तिने नाचणीचं काड जाळलं नाही, थंडी होती तरी जाळलं नाही. ते मातीवर पांघरूण घातलं आणि तिथेच आडवी झाली.

नाही, दिगू. लोक परत आले नाहीत. बाकीची रानंही परत आली नाहीत. मी खोटं कशाला सांगू? गोष्टीच्या शेवटी सगळे सुखाने नांदले म्हणायचं असतं, ते मलाही ठाऊक आहे. तर मग ऐका. राजाने जे सांगितलं होतं ना, माझ्या राज्यात कोणी उपाशी झोपणार नाही म्हणून, ते त्या दिवशी खरं झालं. त्या राज्यात त्या दिवशी कोणीही उपाशी झोपलं नाही. राज्यात माणूसच एक उरलं होतं.

एका भाकरीची गोष्ट एका भाकरीत सरली. आता डोळे मिटा. तुम्ही जेवला आहात. निजा.